षट्चक्रांची वाट : ब्रह्मगिरीपासून ज्ञानेश्वरीपर्यंत

पद्मासनात बसलेली एक आकृती, तिच्या पाठीच्या कण्यावर खालून वर चढत गेलेली सात कमळे आणि त्यांना इंद्रधनुष्याच्या क्रमाने दिलेले सात रंग. योगवर्गाच्या भिंतीवर, ध्यानशिबिराच्या पत्रकावर किंवा एखाद्या दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षातही हे चित्र आज सहज दिसते. तांबडे मूलाधार, हिरवे अनाहत, जांभळे सहस्रार हा क्रम शहरी वाचकाला पाठ झाला आहे आणि तो हजारो वर्षांपूर्वी ऋषींनी सांगितला असावा, असेही सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते.

नाशिककरांनी मात्र या चित्राकडे थोडे अधिक चिकित्सक दृष्टीने पाहायला हवे. शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या त्र्यंबकेश्वरी, ब्रह्मगिरीच्या एका गुहेत, परंपरेनुसार तेराव्या शतकात नाथपंथाची योगदीक्षा एका मराठी मुलाला मिळाली. त्या मुलाचे नाव निवृत्ती. त्याने ती आपल्या धाकट्या भावाला दिली आणि त्या भावाने ती सर्वांसमक्ष मराठीत सांगितली. चक्रे आणि कुंडलिनी यांची विद्या संस्कृत ग्रंथांच्या व गुरुमुखाच्या बंदोबस्तातून बाहेर पडून लोकभाषेत आली, त्या वाटेचा उगम गोदावरीच्या उगमापाशीच आहे. ती विद्या आणि भिंतीवरचे ते चित्र यांत पुष्कळ अंतर आहे.

चक्र म्हणजे काय?

'चक्र' या शब्दाचा मूळ अर्थ चाक. वेदांत तो रथाच्या चाकासाठी येतो, बौद्धांच्या धर्मचक्रात तो उपदेशाच्या प्रवर्तनासाठी येतो. तंत्रमार्गात चक्र म्हणजे वर्तुळाकार मांडणी. मधोमध मुख्य देवता आणि तिच्याभोवती परिवारदेवता अशी रचना. हे मंडल जमिनीवर रेखाटून पूजा करता येते, तसेच ते देहाच्या आत कल्पूनही करता येते. देहातील चक्रांची कल्पना या दुसऱ्या उपासनेतून विकसित झाली, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात. तिथे देवता बसवायच्या असतात, म्हणून त्या जागेला कमळाचे आसन. देवता आली की तिचा बीजमंत्र आला, वाहन आले, वर्ण आला.

या देहरचनेचा सांगाडा सर्वपरिचित आहे. देहात बहात्तर हजार नाड्या असल्याचे योगग्रंथ सांगतात. त्यांतल्या तीन मुख्य : डावीकडची इडा, उजवीकडची पिंगला आणि मधली सुषुम्ना. इडेला चंद्र आणि गंगा, पिंगलेला सूर्य आणि यमुना, सुषुम्नेला अग्नी आणि सरस्वती मानले जाते. तिघींच्या संगमाला अर्थातच प्रयाग. सुषुम्नेच्या तळाशी साडेतीन वेढे घालून, तोंड खाली करून निजलेली शक्ती म्हणजे कुंडलिनी. आसन, बंध आणि प्राणायाम यांनी ती जागी होते, सुषुम्नेतून वर चढते, वाटेतली चक्रे भेदते आणि मस्तकात शिवाशी एकरूप होते.

सहा, सात की नऊ?

इथपर्यंत मतभेद फारसे नाहीत. चक्रे किती, हा प्रश्न विचारला की मात्र ग्रंथ वेगवेगळी उत्तरे देऊ लागतात. बौद्धांच्या हेवज्रतंत्रात चारच चक्रे आहेत : नाभी, हृदय, कंठ आणि मस्तक. मत्स्येंद्रनाथांच्या नावावर असलेल्या 'कौलज्ञाननिर्णया'तील चक्रांची आणि पाकळ्यांची मांडणी आजच्या परिचित मांडणीशी जुळत नाही. सहा चक्रांची जी व्यवस्था पुढे सर्वत्र रूढ झाली, ती अभ्यासकांच्या मते कुब्जिका देवीच्या उपासनापरंपरेतल्या तंत्रांत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी, प्रथम ठळकपणे दिसते. गोरक्षनाथांच्या नावावरच्या जुन्या योगग्रंथांनी ती स्वीकारली. सहा चक्रे, सोळा आधार, तीन लक्ष्ये आणि पाच व्योम ज्याला आपल्या देहात ठाऊक नाहीत त्याला सिद्धी कशी मिळणार, असा त्यांचा सवाल आहे. पण गोरक्षनाथांच्याच नावे असलेल्या 'सिद्धसिद्धांतपद्धती'त चक्रे नऊ आहेत. त्यांत टाळूचे स्वतंत्र चक्र आहे आणि ब्रह्मरंध्राच्याही वर आकाशचक्र आहे. (हा ग्रंथ इतर नाथग्रंथांसह कल्याणी मल्लिक यांनी संपादित करून १९५४ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध केला.) आणि ज्याला हठयोगाचा आधारग्रंथ म्हणतात ती स्वात्मारामांची 'हठप्रदीपिका' कुंडलिनी, नाड्या, बंध आणि नाद यांविषयी भरभरून बोलते, चक्रांची पद्धतशीर यादी मात्र देत नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत तर नाभिचक्राचा ओझरता उल्लेख सोडला तर या विषयाला जागाच नाही.

'सात चक्रे' हा आज घट्ट झालेला शब्दप्रयोगही जुन्या ग्रंथांच्या भाषेत बसत नाही. त्यांची भाषा षट्चक्रांची आहे. सहस्रार ही सहांच्या पलीकडची जागा, जिथे पोहोचायचे ते ठिकाण. वाटेतल्या मुक्कामांत गंतव्यस्थान मोजायचे नसते, इतकाच तो हिशेब.

एकाच पंथाच्या एकाच गुरूच्या नावावर दोन वेगळ्या संख्या असाव्यात, याचा त्या परंपरेला संकोच वाटलेला दिसत नाही. शरीरशास्त्राचे पुस्तक असते तर हाडांच्या संख्येवरून वाद झाला असता. इथे प्रत्येक संप्रदाय आपल्या उपासनेला लागतील तेवढी आसने देहात मांडत होता.

पन्नास पाकळ्या, पन्नास अक्षरे

रूढ षट्चक्रांचे सर्वांत तपशीलवार वर्णन बंगालमधल्या पूर्णानंद यतींनी १५७७ मध्ये केले. त्यांच्या 'श्रीतत्त्वचिंतामणी' या मोठ्या ग्रंथातले 'षट्चक्रनिरूपण' हे एक प्रकरण आहे. त्यानुसार गुदस्थानाजवळचे मूलाधार चार पाकळ्यांचे, जननेंद्रियाच्या मुळाशी असलेले स्वाधिष्ठान सहा पाकळ्यांचे, नाभीचे मणिपूर दहा, हृदयाचे अनाहत बारा, कंठाचे विशुद्ध सोळा आणि भुवयांमधले आज्ञाचक्र दोन पाकळ्यांचे आहे.

या आकड्यांची बेरीज पन्नास होते आणि ती योगायोगाने झालेली नाही. संस्कृत वर्णमालेची 'अ'पासून 'क्ष'पर्यंतची पन्नास अक्षरे या पाकळ्यांवर एकेक करून वाटून दिली आहेत. कंठात सोळा स्वर, हृदयात 'क'पासून 'ठ'पर्यंत बारा व्यंजने, नाभीत 'ड'पासून 'फ'पर्यंत दहा, त्याखाली 'ब'पासून 'ल'पर्यंत सहा, तळाशी व, श, ष, स आणि भ्रूमध्यात ह व क्ष. वाणीचा उगम ज्या कंठातून होतो तिथेच सर्व स्वर बसवावेत, यात एक सुरेख औचित्य आहे. विश्व शब्दातून उत्पन्न झाले, या तांत्रिक सिद्धांताचे हे देहातले चित्र होय.

या अक्षरांचा उपयोग काय, तर न्यास. देवीच्या सांग पूजेत पुरोहित अक्षरे उच्चारत देहाच्या निरनिराळ्या अवयवांना स्पर्श करतो, तो बहिर्मातृकान्यास. हीच अक्षरे मनाने सहा कमळांच्या पाकळ्यांवर ठेवायची, तो अंतर्मातृकान्यास. न्यास म्हणजे ठेवणे. चक्रात जे 'दिसते' ते आधी साधकाने तिथे ठेवलेले असते.

याच पूजाविधीतली दुसरी क्रिया म्हणजे भूतशुद्धी आणि चक्रांचा खरा अर्थ तिच्यात सापडतो. खालची पाच चक्रे ही पंचमहाभूतांची स्थाने आहेत. मूलाधारात पृथ्वी, तिचा आकार पिवळा चौकोन आणि बीज लं. स्वाधिष्ठानात जल, पांढरी चंद्रकोर, वं. मणिपुरात अग्नी, लाल त्रिकोण, रं. अनाहतात वायू, धुरकट षट्कोन, यं. विशुद्धात आकाश, शुभ्र वर्तुळ, हं. आज्ञाचक्रात मन आणि ॐकार. साधक पृथ्वीला जलात, जलाला अग्नीत, अग्नीला वायूत, वायूला आकाशात विरघळवत वर जातो. म्हणजे सृष्टी ज्या क्रमाने झाली त्याच्या उलट क्रमाने ती आपल्या देहात आवरत नेतो. स्थूलाकडून सूक्ष्माकडे जाण्याचा हा जिना आहे. मूलाधार 'सुरक्षिततेचे', मणिपूर 'आत्मविश्वासाचे' आणि अनाहत 'प्रेमाचे' केंद्र, ही अलीकडे ऐकू येणारी भाषा या ग्रंथांत नाही. काही परंपरांत पाकळ्यांशी लोभ, चिंता, मत्सर, दंभ अशा वृत्ती जोडलेल्या आढळतात. पण तिथेही त्या फुलवायच्या नसून ओलांडायच्या आहेत.

सप्तशृंगी, त्र्यंबक आणि नाथ

ही विद्या महाराष्ट्रात आणली आणि रुजवली नाथांनी. डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या 'नाथ संप्रदायाचा इतिहास' या ग्रंथामुळे मराठी वाचकाला त्या परंपरेची ओळख आहेच. नाथपरंपरेच्या खुणा नाशिक जिल्ह्यात विशेष दाट आहेत. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानदेव आपली गुरुपरंपरा सांगतात : आदिनाथ शंकर, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. त्या ओघात मत्स्येंद्रांना हातपाय तुटलेला चौरंगी भेटला आणि त्या भेटीने त्याचे सर्व अवयव पूर्ववत झाले, अशी कथा येते. ती भेट झाली सप्तशृंगावर, म्हणजे आजच्या कळवण तालुक्यातल्या, वणीजवळच्या गडावर. नाथपरंपरेची एवढी मोठी घटना ज्ञानदेवांनी नेमकी इथे ठेवावी, ही नाशिककरांनी ध्यानी घेण्यासारखी गोष्ट आहे.

त्र्यंबकची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. विठ्ठलपंत सहकुटुंब ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ आडवा आला, सर्वांची पांगापांग झाली आणि थोरला निवृत्ती एका गुहेत शिरला. तिथे गहिनीनाथ बसले होते. त्यांनी त्याला योगदीक्षा दिली आणि तिच्याबरोबर कृष्णभक्तीचाही उपदेश केला. कथेचा हा दुसरा भाग बहुधा घाईने सांगितला जातो. पण पुढे वारकरी पंथात योग आणि भक्ती यांचा जो मेळ बसला, त्याचे मूळ परंपरा या गुहेतच पाहते. गंगाद्वाराच्या परिसरात गोरखनाथांच्या नावाची गुहा आजही दाखवली जाते आणि निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरीच आहे.

सहावा अध्याय

शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिचा सहावा अध्याय हा चक्रविद्येच्या मराठी इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज आहे. मूळ गीतेत या ठिकाणी काय आहे? स्वच्छ जागी आसन घालावे, देह ताठ ठेवावा, दृष्टी नासिकाग्री लावावी, मन आवरावे. कुंडलिनीचा शब्दही गीतेत नाही. ज्ञानदेवांनी या चार श्लोकांच्या फटीतून नाथांची सारी योगप्रक्रिया आत आणली, तिला 'पंथराज' म्हटले आणि देहानेच देह गिळण्याचा हा संकेत नाथांचा असून श्रीकृष्णाने तो इथे सुचवला आहे, असे मोकळेपणाने सांगितलेही.

त्यांच्या वर्णनात दोन गोष्टी एकत्र नांदतात. एकीकडे कारागिराची नेमकी मापे आहेत. मूळबंधासाठी गुद आणि जननेंद्रिय यांमधली चार बोटे जागा घ्यायची, दोन्ही बाजूंनी दीड-दीड बोट सोडायचे आणि उरलेल्या एका बोटाच्या जागी टाच लावायची. त्यानंतर उड्डियान आणि जालंधर हे बंध. दुसरीकडे कवीची दृष्टी आहे. जागी होणारी कुंडलिनी त्यांना कुंकवात न्हालेल्या नागिणीच्या पिलासारखी दिसते. ती भुकेली उठते आणि देहातला वारा, मांस, मज्जा, सगळे खात सुटते. पृथ्वी आणि जल ही दोन्ही भूते गिळल्यावरच तिची तृप्ती होते. भूतशुद्धीत जे मनाने कल्पायचे असते, ते इथे एखाद्या नाट्यासारखे देहात घडताना दिसते. मग त्या जुन्या देहाच्या आतून नवा तेजस्वी देह प्रकटतो. पुढे हृदयाच्या आकाशात अनाहत नाद उमटतो, शक्ती आपले कुंडलिनी हे नावही टाकते, नुसता प्राण उरतो आणि शेवटी तोही मस्तकातल्या आकाशात नाहीसा होतो.

पाकळ्या किती, अक्षरे कोणती, वाहने कोणती, असला तपशील देण्यात ज्ञानदेवांना रस नाही. त्यांचे लक्ष प्रक्रियेवर आहे, नकाशावर नाही.

या वर्णनानंतर अर्जुन विचारतो की हे ज्याला त्याला जमेल काय. आपल्या अंगी ती योग्यता आहे असे त्याला वाटत नाही. श्रीकृष्णाचे उत्तर असे की योग्यता ही काही कुठे खाणीत सापडणारी वस्तू नव्हे. जो विरक्त आहे आणि आपली विहित कर्मे करतो, तो अधिकारी. त्यापाठोपाठ आहार, झोप, चालणे, बोलणे हे सारे मोजके हवे, हा गीतेतला विषय येतो. कुंडलिनीच्या अद्भुत वर्णनाला लागूनच जेवणाखाण्याची मर्यादा सांगितलेली आहे, हे चित्ररूप भाग तेवढा वाचणाऱ्यांच्या नजरेतून निसटते.

साडेतीनाचा हिशेब

कुंडलिनीचे वेढे साडेतीन, ॐकाराच्या मात्रा साडेतीन आणि महाराष्ट्रातली शक्तिपीठेही साडेतीन : कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन पूर्ण आणि सप्तशृंग हे अर्धे. अ, उ, म या तीन मात्रा आणि वरची अर्धमात्रा अशी सांगड घालून सप्तशृंगीला अर्धमात्रेचे स्थान देण्याचा प्रघात उपासकांत आहे. ऐतिहासिक पुराव्याने ही सांगड सिद्ध करता येणार नाही. भौगोलिक पीठे देहात पाहण्याची रीत मात्र तंत्रग्रंथांत खरोखरच जुनी आहे. कामरूप, जालंधर, पूर्णगिरी आणि ओड्डियान ही चार महापीठे तिथे देहाच्या निरनिराळ्या स्थानी कल्पिलेली आहेत. त्यांपैकी दोन नावे तर नाथयोगातल्या बंधांच्या नावांशी जुळतात. यात्रा पायांनी करायची की श्वासाने, हा त्या साधकांपुढे एकाच यात्रेचा पर्याय होता.

बाराव्या अध्यायातले वळण

सहाव्या अध्यायात पंथराजाचे इतके वैभव वर्णिणारे ज्ञानदेव बाराव्या अध्यायात वेगळेच बोलतात. सगुणभक्त श्रेष्ठ की अव्यक्ताची उपासना करणारे, हा तिथला प्रश्न. अव्यक्ताच्या मागे लागलेल्या योग्यांचे चित्र काढताना ते पुन्हा सगळा हठयोग उभा करतात : नऊ दारे बंद करणे, कुंडलिनीच्या उजेडात सुषुम्नेचा चढ चढणे. पण या वेळी त्या वर्णनाला रणांगणाची उसंत नसलेली कळा आहे. हे योगीही परमात्म्यालाच पोहोचतात, मात्र कष्ट तेवढे अधिक पदरात पडतात. भक्ताला या खटाटोपाची गरज नाही, असा निर्वाळा ते देतात. हे मत एखाद्या बाहेरच्या टीकाकाराचे असते तर गोष्ट निराळी होती. इथे थेट गोरक्षांच्या परंपरेतला शिष्य बोलतो आहे. चौदाशे वर्षे योगबळाने जगलेल्या चांगदेवांना या भावंडांसमोर कोरा कागद पाठवावा लागला, ही दंतकथा लोकांनी सातशे वर्षे जपली, तीही याच जाणिवेतून.

त्याच अध्यायाच्या आरंभी गुरुकृपेला आई मानून केलेली स्तुती आहे. ही आई साधकाला आधारशक्तीच्या मांडीवर वाढवते आणि हृदयाकाशाच्या पाळण्यात निजवते. सहाव्या अध्यायातला भयंकर भुकेचा अग्नी इथे अंगाईत मावला आहे. महाराष्ट्रात चक्रविद्या सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली ती मुख्यतः याच रूपात. म्हणूनच कीर्तनात 'मूलाधार' हा शब्द आला की पाकळ्यांची संख्या ठाऊक नसलेला श्रोताही गोंधळत नाही.

शवविच्छेदनापासून मज्जातंतूंपर्यंत

आधुनिक काळात प्रश्न बदलला : ही चक्रे देहात खरोखर आहेत काय? या प्रश्नाला सर्वांत धाडसी उत्तर दयानंद सरस्वतींनी शोधले. १८५० च्या दशकात गढमुक्तेश्वराजवळ गंगेतून वाहत चाललेले प्रेत त्यांनी काठावर ओढले, चाकूने चिरले आणि योगग्रंथांतल्या वर्णनाशी ताडून पाहिले. वर्णन जुळेना, तेव्हा त्यांनी ते ग्रंथ फाडून प्रेताबरोबर नदीत सोडून दिले. ही हकीकत त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात सांगितली आहे.

पुढच्या पिढ्यांनी समझोता करू पाहिला. मुंबईचे डॉक्टर वसंत गंगाराम रेळे यांनी १९२७ मध्ये कुंडलिनीवर इंग्रजीत पुस्तक लिहून तिचा संबंध मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूशी जोडला. चक्रे म्हणजे मज्जातंतूंची जाळी, असा त्या काळचा सूर होता. नंतर तीच चक्रे अंतःस्रावी ग्रंथी ठरली. लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद यांनी मात्र अधिक सावध मार्ग धरला. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापनाच्या साहाय्याने तपासले. जे मोजता येते ते मोजावे, ही त्यांची शिस्त आजही अनुकरणीय आहे. श्वासाच्या आणि ध्यानाच्या अभ्यासाचा हृदयगतीवर, रक्तदाबावर परिणाम होतो, हे मोजता आले आहे. चक्र नावाचा अवयव कोणत्याही उपकरणाला सापडलेला नाही. न्यासाची कल्पना ज्याला कळली, त्याला यात धक्का बसण्यासारखे काही वाटू नये.

इंद्रधनुष्य कुठून आले?

कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर जॉन वुड्रॉफ यांनी आर्थर अ‍ॅव्हलॉन या नावाने पूर्णानंदांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद 'द सर्पंट पॉवर' १९१९ मध्ये प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य जगाला षट्चक्रे कळली ती या पुस्तकामुळे. चारशे वर्षांपूर्वीचे बंगालमधले एक प्रकरण त्यामुळे 'भारतीय चक्रपद्धती' होऊन बसले आणि नाथांची नऊ, बौद्धांची चार ही मांडणी बाजूला पडली. १९२७ मध्ये थिऑसॉफिस्ट चार्ल्स लेडबीटर यांनी आपल्या अतींद्रिय दृष्टीला दिसलेली चक्रे म्हणून रंगीत चित्रे छापली. १९३२ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी झुरिचमध्ये कुंडलिनीवर व्याख्याने देऊन चक्रांना मनाच्या विकासाच्या पायऱ्यांचा अर्थ दिला. इंद्रधनुष्याचे सात रंग क्रमाने सात चक्रांना लावण्याची पद्धत त्यानंतरची. ती अमेरिकेतल्या १९७० च्या दशकातील नव्या अध्यात्मविषयक पुस्तकांतून सर्वत्र पसरली.

पूर्णानंदांच्या ग्रंथातले रंग वेगळेच आहेत. चित्रात पिवळे असलेले मणिपूर तिथे पावसाळी ढगासारखे सावळे आहे. चित्रात हिरवे असलेले अनाहत तिथे बंधूकाच्या, म्हणजे तांबड्या दुपारीच्या फुलासारखे लाल आहे. विशुद्ध निळे नसून धुरकट जांभळे आणि आज्ञाचक्र चंद्रासारखे पांढरे. परदेशी गेलेली वस्तू रंग बदलून परत आली आणि आपण ती आजोबांची म्हणून भिंतीवर टांगली, असा हा प्रकार आहे.

नवी रीत म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. रंगांच्या आधाराने कुणाचे मन एकाग्र होत असेल तर हरकत कसली? अडचण येते ती या रंगांच्या जोरावर निदान आणि उपचार सुरू होतात तेव्हा. 'तुमचे अमुक चक्र बंद आहे' असे सांगून खडे, अंगठ्या, सत्रे विकली जातात आणि एखादा मधुमेहाचा किंवा नैराश्याचा रुग्ण औषध थांबवतो. चक्र 'बंद पडणे' हा आजार कुठल्याही योगग्रंथात नाही. त्या ग्रंथांच्या दृष्टीने सर्वसामान्य माणसाची सगळीच कमळे मिटलेली आणि अधोमुख असतात. ती तशी असणे ही माणसाची नेहमीची स्थिती होय.

उलट बाजूचा धोकाही ग्रंथांना ठाऊक होता. गुरूशिवाय आणि यमनियमांशिवाय हा अभ्यास करू नये, असे ते वारंवार बजावतात. काश्मीरचे गोपी कृष्ण हे सरकारी कारकून. १९३७ च्या डिसेंबरात ध्यानात त्यांना कुंडलिनी जागृत झाल्याचा अनुभव आला आणि त्यानंतर अंगाचा दाह, निद्रानाश आणि मनाचा तोल जाण्याची भीती यांनी त्यांना वर्षानुवर्षे छळले. ते सारे त्यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात प्रांजळपणे लिहिले. महाराष्ट्रात शक्तिपाताची परंपरा चालवणारे पुण्याच्या वासुदेव निवासाचे गुळवणी महाराज (१८८६-१९७४) यांचा मार्ग गुरुकृपेने होणाऱ्या जागृतीचा. त्यातही साधकाची परीक्षा आणि गुरूची देखरेख यांना मुख्य स्थान आहे. नाशिकपुरते बोलायचे तर विश्वास मंडलिक यांनी १९७८ मध्ये स्थापन केलेल्या योग विद्या धाम या संस्थेने आसन-प्राणायामाचे शिक्षण पायरीपायरीने देण्याची पद्धत रुजवली. शिबिर लावायचे तर तिथे आधी काय शिकवतात, श्वास की रंग, एवढे विचारून घेतलेले बरे.

आजही चालती असलेली वाट

चक्रविद्येचा त्र्यंबकशी असलेला संबंध केवळ पुस्तकी उरलेला नाही. दर बारा वर्षांनी सिंहस्थात देशभरातले नाथयोगी त्र्यंबकेश्वरी जमतात. कानात कुंडले असलेल्या या साधूंची 'नवनाथ झुंडी' नागपंचमीला इथून पायी निघते आणि सुमारे सहा महिन्यांनी, महाशिवरात्रीच्या सुमारास, कर्नाटकातल्या मंगळूरच्या कद्री मठात पोहोचते. कद्रीच्या मठाधिपतीची निवड त्र्यंबकलाच होते आणि तो झुंडीबरोबर चालत जाऊन तिथल्या गादीवर बसतो. २०१५ च्या सिंहस्थातही ही झुंडी त्र्यंबकहून निघाली होती.

दुसरी यात्रा दरवर्षीची. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी वारकऱ्यांच्या दिंड्या येतात. थंडीने काकडलेल्या पहाटे कुशावर्तावर स्नान करून लोक समाधिमंदिराकडे वळतात. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आणि हातात टाळ असतो; ज्यांच्या दर्शनाला ते आलेले असतात, ते मात्र आदिनाथांपासून चालत आलेल्या योगपरंपरेतले गुरू असतात. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी हरिपाठ सुरू होतो.